साय यंग विजेत्या पिचर्सच्या सह्या: इथे कुणी गोळा करतं का?

लालशिवण

इथे क्रिकेटवर रोज चार धागे निघतात आणि बेसबॉलवर नुसता शुकशुकाट, पण अमेरिकेत राहणारी एवढी मंडळी आहेत तर माझ्यासारखं येडं अजून एखादं सापडेलच या आशेवर धागा काढतोय. छंद असा आहे की साय यंग अवॉर्ड मिळालेल्या प्रत्येक पिचरची एकेक सही जमवायची.

ज्यांना बेसबॉल म्हणजे नुसतं दांडकं फिरवणं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात: पिचर म्हणजे बॉल टाकणारा, आणि वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरला हे अवॉर्ड मिळतं, मतं बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार देतात. साय यंग हा जुना पिचर, नावावर ५११ विजय. दुसऱ्या नंबरचा वॉल्टर जॉन्सन ४१७ वर थांबलाय, म्हणजे बघा. हा साय यंग १९५५ च्या नोव्हेंबरात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं अवॉर्ड सुरू झालं. पहिलं ब्रुकलिन डॉजर्सच्या डॉन न्यूकमला. सुरुवातीला दोन्ही लीग मिळून एकच असायचं, १९६७ पासून अमेरिकन लीगला वेगळं, नॅशनलला वेगळं. १९६९ ला तर अमेरिकन लीगमध्ये टाय झाला, माइक क्वेयार आणि डेनी मक्लेन दोघांना दिलं. तसं आजवर परत झालेलं नाही.

हिशेब केला तर २०२५ पर्यंत १३० वेळा हे अवॉर्ड दिलं गेलंय पण माणसं नव्वदच्या आतच, कारण एकट्या रॉजर क्लेमेन्सकडे ७, रँडी जॉन्सनकडे ५, स्टीव्ह कार्लटन आणि ग्रेग मॅडक्सकडे ४-४. म्हणजे सेट आवाक्यातला आहे. होम रनवाल्यांच्या नाहीतर हॉल ऑफ फेमच्या (म्हणजे निवडून मान दिलेल्या दिग्गजांच्या) सगळ्या सह्यांच्या मागे लागलात तर घर गहाण पडेल, हे तसं नाही.

मी ॲरिझोनात राहतो. माझा सगळा सेट ३ बाय ५ च्या कोऱ्या इंडेक्स कार्डांवर आहे, बॉल नाही, फोटो नाही. कार्ड पातळ, पोस्टाला हलकं, अल्बममध्ये बसतं आणि हरवलं तरी जीव जात नाही. इतक्या वर्षांत एक कळलंय की सही मिळणं न मिळणं हे माणूस किती मोठा त्यावर नाहीये, त्याला सही द्यायची सवय कशी होती आणि तो किती जगला यावर आहे. म्हणून नवीन कुणाला करायचं असेल तर पहिला सल्ला, म्हातारे आधी. आज खेळणारा तारिक स्कूबल (२०२४, २०२५ दोन्ही) कुठे पळून जात नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्यांना आजच पत्र टाका. २०२० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढ्यात टॉम सीव्हर, बॉब गिब्सन आणि व्हायटी फोर्ड असे तिघं गेले.

तर बोला, कोण कोण आहे?

खडूस_कोथरूडकर

पहिला मीच. एक शंका, बाणेदारपणे विचारतोय, राग नसावा. पन्नाशीची माणसं पेन घेऊन कुंपणाला लोंबकळतात हे दृश्य नक्की कसं दिसतं?

लालशिवण

@खडूस, वानखेडेच्या गेटबाहेर पास मिळेल का म्हणून उभी असलेली पन्नाशीची माणसं जशी दिसतात तस्संच दिसतं.

खडूस_कोथरूडकर

हाणला. चालू द्या.

मृण्मयी_फीनिक्स

अरे वा, लालशिवण, मी पण ॲरिझोनातच आहे की! माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याच्यामुळे मला हे वेड लागलं, आता तो व्हिडिओ गेममध्ये आणि मीच कुंपणाला. खडूसभाऊ, मी पन्नाशीची नाहीये पण त्या दिशेनं वाटचाल चालू आहे.

फीनिक्सजवळ राहणाऱ्यांसाठी लिहिते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर इथे स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) असतं, निम्म्या टीम ॲरिझोनात आणि निम्म्या फ्लोरिडात. भारतातल्यांनी असं समजा की निम्म्या टीमचे सगळे प्लेअर दीड महिना एकाच शहराच्या आजूबाजूला राहायला आलेत. पिचर आणि कॅचर इतरांच्या आधी हजर होतात, म्हणजे आपल्या कामाचे लोक पहिल्याच आठवड्यात तिथे असतात आणि तेव्हा गर्दी पण नसते. आम्ही ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँचला जातो, तिथे डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स दोघांचा मुक्काम. मॅचच्या तिकिटाच्या मागे लागूच नका, सकाळी प्रॅक्टिस मैदानांच्या मधल्या वाटेवर उभं राहायचं. प्लेअर एका मैदानावरून दुसऱ्यावर चालत जातात, बुटांचे स्पाइक सिमेंटवर कटकट वाजतात त्यामुळे वळणापलीकडून कुणीतरी येतंय हे आधीच कळतं, मग सगळे एकदम सावरून उभे राहतात आणि येतो तो टीमचा फिजिओ निघतो.

हाक मारताना आडनावाला मिस्टर लावायचं. डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ २०२५ पर्यंत खेळायचा तेव्हा इथली पोरं नुसतं "क्लेटन! क्लेटन!" ओरडायची, त्यापेक्षा "मिस्टर कर्शॉ, प्लीज" म्हणणाऱ्या लहान मुलाकडे माणूस वळून बघायचाच.

आणि ज्या दिवशी तो पिचर मॅचमध्ये बॉल टाकणार असतो त्या दिवशी त्याच्याकडे सही मागायची नाही. हा अलिखित नियम आहे, त्याची टीममधली माणसंही त्या दिवशी त्याच्याशी बोलत नाहीत फारशी. स्टार्टिंग पिचर पाच दिवसांतून एकदा टाकतो, बाकीचे चार दिवस तो मोकळाच असतो, तेव्हा गाठा.

आबा_डेट्रॉईट

मंडळी, म्हातारे आधी म्हणालात म्हणून हजर झालो. 😄

मी मिशिगनला आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग १९८४ साली आमचे डेट्रॉईटचे टायगर्स जिंकत सुटले आणि ऑफिसात दुसरा विषयच नाही, त्यामुळे झक मारत शिकलो. त्या वर्षी विली हर्नांडेझला साय यंग पण आणि लीगचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) पण. तो रिलीव्हर, म्हणजे शेवटच्या काही ओव्हरी टाकणारा म्हणा (ओव्हर नसते हो यात, पण समजून घ्या). रिलीव्हरला साय यंग मिळणं फार दुर्मिळ आहे, आत्तापर्यंत नऊच जणांना, शेवटचा एरिक गान्ये २००३ साली. लालशिवण, तुमच्या सेटमध्ये या नऊ जणांचं वेगळं पान करा असं सुचवीन.

आणि त्या पानावर सगळ्यात अवघड नाव पहिलंच. माइक मार्शल, डॉजर्स, १९७४. हा आमच्या मिशिगनचाच, एड्रियन गावचा. त्या वर्षी १०६ मॅचमध्ये बॉल टाकला गड्यानं, तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. शिवाय मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट, शरीराच्या हालचालींच्या शास्त्रातली. तर हे डॉक्टरसाहेब खेळत असताना सही देत नसत. लहान पोरांनाही नाही. त्याचं म्हणणं असं की बॉल फेकणाऱ्याला कसलं डोक्यावर घेता, सही घ्यायची तर आपल्या शिक्षकांची घ्या. लोक चिडायचे, पेपरवाले चिडायचे, हा ढिम्म. २०२१ ला गेला. आता गंमत बघा की सह्यांना एवढा विरोध करणाऱ्याची सही त्यामुळेच जास्त हवीहवीशी झाली.

शाळामास्तरीण

आबा, मी शिक्षिका आहे. माझी सही लोक फक्त प्रगतिपुस्तकावर मागतात आणि ती सुद्धा पालक घाबरत घाबरत. या मार्शलला माझा साष्टांग दंडवत.

नाना_न्यूजर्सी

आबा, भारी माहिती. जमलेल्या मंडळींना माझा एकच प्रश्न, तुम्ही विकत घेतलेल्या सह्या सेटमध्ये धरता का? माझ्या मते धरू नयेत. हातात घेतलेली किंवा पत्रानं आलेली तीच खरी. दुकानातून पैसे देऊन आणली तर ती सही नाही, ते सामान झालं. मी गेली कित्येक वर्षं याच नियमानं चाललोय आणि त्यामुळे माझा सेट अर्धा पण नाही, पण जेवढा आहे तेवढा माझा आहे.

लालशिवण

@नाना, मग वॉरन स्पानचं काय करायचं? १९५७ चा विजेता, ३६३ विजय, डावखुऱ्यांत सगळ्यात जास्त. २००३ ला गेला. तुमच्या नियमानं आज सुरुवात करणाऱ्या पोराला स्पान कधीच मिळणार नाही. अर्ली विन १९९९ ला गेला, कॅटफिश हंटर पण १९९९, जेमतेम ५३ वर्षांचा. डॉन ड्रायस्डेल १९९३. ही पोकळी विकत घेऊनच भरते. मी दोन रंगांच्या पट्ट्या लावतो अल्बमला, पत्रानं आलेल्याला हिरवी आणि विकत घेतलेल्याला पिवळी, लपवाछपवी नाही.

नाना_न्यूजर्सी

पोकळी राहू द्यायची. रिकामा खिसा पण काहीतरी सांगतोच ना.

मृण्मयी_फीनिक्स

नाना, पैसे या शब्दालाच तुमचा आक्षेप आहे की दुकानाला? कारण स्वतः खेळाडूच कार्ड शोमध्ये (खेळाडूंच्या कार्डांचा बाजार भरतो तिथे) टेबल लावून बसतो आणि सहीचे पैसे घेतो, तुम्ही समोर उभे असता, दोन शब्द बोलता, ते कशात मोडतं?

आबा_डेट्रॉईट

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, आणि जुन्या खेळाडूंनी पैसे घेतले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. १९६७ पर्यंत या लीगमध्ये किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता, सीझन संपला की ही मंडळी दुसरी नोकरी करायची. टीम सोडून हवं तिकडे जायची मुभासुद्धा सर्रास मिळाली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. मग ऐंशीच्या दशकात कार्ड शो वाढले आणि कळलं की अरे आपल्या सहीला लोक पैसे देतात, तर घेतले त्यांनी, कुठं बिघडलं. आत्ताच्या कोट्यधीशांनी घेतले तर मात्र माझ्याही कपाळाला आठी पडते.

आमच्या डेनी मक्लेनचंच घ्या. १९६८ ला ३१ विजय, त्यानंतर एका सीझनमध्ये ३० पर्यंत कुणीच पोचलेलं नाही. दोन साय यंग. पुढे सगळं बिघडलं, तुरुंगात जाऊन आला. पण सही मागितली की देणारा माणूस, मिशिगनभर कार्ड शोंमध्ये बसायचा, बॉलवर सहीखाली ३१-६ असा त्या वर्षाचा विजय-पराभवांचा हिशेब लिहून द्यायचा. मी माझी त्याच्याकडूनच पैसे देऊन घेतली, पाठीमागे रांग असताना माझ्याशी गप्पा मारत बसला होता. नाना, याला सामान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नाना_न्यूजर्सी

आबा तुमच्यापुढे काय बोलणार. बरं, समोर बसून घेतलेली चालेल. दुकानातली नाही म्हणजे नाही.

प्याला_रिकामा

धाग्याचं काश्मीर होतंय का हे बघायला आलो होतो, इथे तर सगळे शहाण्यासारखे वागतायत. निराशा झाली.

बिट्स_अँड_बॉल्स

मी सॅन डिएगोत असतो, बेसबॉल बघतो पण सह्या वगैरे नाही. मात्र दुकानातल्या सह्यांवर नाना जे म्हणतायत त्याला आमच्या गावचाच भरभक्कम पुरावा आहे. नव्वदच्या दशकात इथे एफबीआयनं ऑपरेशन बुलपेन म्हणून केस केली होती. आमच्या पाड्रेस टीमचा खेळाडू टोनी ग्विन, त्याला स्वतःच्या टीमच्या दुकानात स्वतःच्याच सह्यांचा माल दिसला आणि त्यानं सांगितलं की या मी केलेल्या नाहीत. तिथून धागेदोरे निघत गेले आणि अख्खी टोळी सापडली. जप्त केलेल्या मालात काय असावं? मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल!! म्हणजे बनवणाऱ्याला पण कुठे थांबावं कळेना.

खडूस_कोथरूडकर

मदर तेरेसांचा बेसबॉल 🤣🤣 आजचा दिवस सार्थकी लागला. सेवाग्रामहून गांधीजींच्या सहीची बॅट पण मिळत असेल.

लालशिवण

हा विषय निघाला ते बरं झालं, जरा सविस्तर लिहितो कारण नवख्यांचे पैसे इथेच जातात.

सर्टिफिकेट हे प्रकरण विसरा. चकचकीत कागद आणि सोनेरी स्टिकर कुणीही छापतं. पीएसए, जेएसए, बेकेट असे दोन-तीन तपासणारे आहेत ज्यांचं मत बाजारात चालतं, पण तेही मतच आहे, सही होताना ते तिथे हजर नव्हते. हजर असतो तो एमएलबीचा (मेजर लीग बेसबॉलचा) स्वतःचा माणूस, २००१ पासून त्यांनी होलोग्राम सुरू केलाय, त्यांच्या माणसासमोर सही झाली तरच तो चिकटतो आणि नंबर टाकून बघता येतो. त्याच्या आधीच्या सह्यांना ही सोय नाही, तिथे आपलं डोकं चालवायचं.

डोकं म्हणजे तारखा. रॉय हॅलडे, दोन वेळा साय यंग, २०१७ च्या नोव्हेंबरात स्वतःचं छोटं विमान चालवताना गेला. हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली २०१९ ला, गेल्यानंतर. तरी सहीखाली "एचओएफ २०१९" लिहिलेला हॅलडेचा बॉल कुणी दाखवला तर हात जोडून निघायचं. तसंच बॉलचं. १९९९ पर्यंत दोन्ही लीगचे बॉल वेगळे, त्यावर त्या त्या लीगच्या प्रेसिडेंटची छापील सही. २००० पासून एकच बॉल आला, त्यावर कमिशनरची. ड्रायस्डेल गेला १९९३ ला, त्याची सही २००० नंतरच्या बॉलवर कशी येईल? तरी अशा वस्तू विकायला असतात. पेनाचं पण तेच आहे, शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ ला, आणि खुद्द साय यंग गेला १९५५ ला, तर शार्पीनं केलेली साय यंगची सही म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

मग मशीन. ऑटोपेन नावाचं यंत्र हुबेहूब सही करतं. ओळखायचं कसं तर रेघ सगळीकडे सारख्याच दाबाची, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका, आणि त्याच माणसाच्या दोन सह्या एकावर एक धरून दिव्यासमोर पाहिल्या की तंतोतंत जुळतात. खऱ्या माणसाची सही कधीच दोनदा सारखी येत नाही. आणि मोठमोठ्या टीममध्ये ड्रेसिंग रूममधली पोरंच स्टारच्या सह्या ठोकायची हा तर जुना प्रकार, त्याला क्लबहाऊस सही म्हणतात.

शाळामास्तरीण

हे हॅलडेचं मस्त आहे, डिटेक्टिव्ह कथेसारखं.

कॅम्पातला_कुमार

नमस्कार मंडळी, वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच लिहितोय, चुकभूल द्यावी. मी पुण्यात कॅम्पात राहतो, इंजिनिअरिंगला आहे, पहाटे उठून डॉजर्सच्या मॅच बघतो (हो, पुण्यात पण असे लोक आहेत, आमचा एक छोटा ग्रुप पण आहे). इथून पत्र पाठवून सही मागवता येईल का? कुणाला पाठवायचं, काय लिहायचं, परतीच्या तिकिटाचं काय, कारण आपलं पोस्टाचं तिकीट तिथे चालणार नाही ना?

खडूस_कोथरूडकर

कुमारा, पहाटे उठून अभ्यास कर.

कॅम्पातला_कुमार

काका, आई पण हेच म्हणते.

मृण्मयी_फीनिक्स

स्वागत आहे रे कुमार! नक्की येईल मागवता. परतीच्या पाकिटावर अमेरिकेचंच तिकीट लागतं. इथे ग्लोबल फॉरेव्हर म्हणून गोल तिकीट मिळतं, एका साध्या हलक्या पाकिटाला परदेशात जायला ते एक पुरतं. अमेरिकेत कुणी मावशी, काका, आतेभाऊ असेल तर येताना चार-पाच आणायला सांग, काजू कतलीच्या बदल्यात आनंदानं आणतील.

पत्र हातानं लिही, टाइप केलेलं नको. अर्धं पान खूप झालं. "मी भारतातून तुमचा खेळ बघतो" हे पहिल्याच ओळीत येऊ दे, कारण त्याच्या टेबलावरच्या ढिगात पुण्याहून आलेलं पत्र दुसरं नसणार. एकच कार्ड पाठव, पाच पाठवलेस तर विकायला मागतोय असं वाटतं. आणि "टू कुमार" असं नाव घालून द्या अशी विनंती कर, नाव घातलेली वस्तू कुणी विकत घेत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं, त्यामुळे ते मोकळेपणानं देतात. खेळणाऱ्याला टीमच्या स्टेडियमच्या पत्त्यावर पाठवायचं. फेब्रुवारीत मात्र स्प्रिंग ट्रेनिंगच्या पत्त्यावर, तिथे डाक कमी असते.

आबा_डेट्रॉईट

कुमार, मी पत्र पाठवत असे तेव्हा एक पथ्य पाळायचो, त्या माणसाबद्दल एखादी अशी गोष्ट लिहायची जी सगळे लिहीत नाहीत. उदाहरण देतो. जिम लाँबोर्ग, रेड सॉक्स, १९६७, अमेरिकन लीगला वेगळं अवॉर्ड सुरू झालं त्याचा पहिला मानकरी. त्याच हिवाळ्यात स्कीइंग करताना गुडघ्याची वाट लावून घेतली आणि परत तसा पिचर कधी झाला नाही. खेळणं संपल्यावर काय केलं असेल? डेंटल कॉलेजात गेला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कित्येक वर्षं दातांचा दवाखाना चालवला. अशा माणसाला जगातले सगळे १९६७ बद्दल विचारतात. मी दाढेबद्दल विचारलं होतं.

प्याला_रिकामा

आबा, उत्तर आलं का?

आबा_डेट्रॉईट

आलं की. सही पण आणि फ्लॉस करत जा असा सल्ला पण.

नाना_न्यूजर्सी

@कुमार, एक तांत्रिक गोष्ट राहिली. चकचकीत टॉप्स कार्ड (टॉप्स कंपनीचं खेळाडूच्या फोटोचं कार्ड) पाठवणार असशील तर त्याच्यावर शाई थेंबाथेंबानं गोळा होते, धरत नाही, सही बुडबुड्यांसारखी दिसते. त्याला उपाय म्हणजे चिमूटभर टाल्कम पावडर बोटावर घ्यायची आणि सहीच्या जागेवर गोल गोल हलक्या हातानं चोळायची, मग मऊ सुती फडक्यानं पुसून टाकायची. वरचा गुळगुळीत थर निघतो, हाताला लगेच कळतं, आधी बोट सरकत होतं ते आता किंचित अडतं. एवढं झालं की थांबायचं, जास्त घासलंस तर चित्रच जाईल. बॉल असेल तर उलट, त्यावर शार्पी कधीच नाही, कातडं शाई पितं आणि काही वर्षांत सही पसरून जांभळा डाग उरतो. साधं निळं बॉलपेन. सही स्वीट स्पॉटवर घ्यायची, म्हणजे दोन शिवणी सगळ्यात जवळ येतात ती अरुंद पट्टी. काही खेळाडू मुद्दाम तिथे करत नाहीत, बाजूला करतात, विकणाऱ्यांचा भाव पडावा म्हणून. आणि बॉल उन्हात ठेवायचा नाही. जुने लोक टिकावा म्हणून बॉलला शेलॅक फासायचे, ते सगळे बॉल आज चहाच्या रंगाचे झालेत.

बिट्स_अँड_बॉल्स

हे टाल्कम पावडरचं ऐकून मला उगाचच कॅरम बोर्ड आठवला.

लालशिवण

नाना, सुंदर लिहिलंत, हे पहिल्या पोस्टमध्ये चिकटवतो तुमच्या नावानं.

अजून एक युक्ती सांगतो जी फुकट आहे आणि लोक वापरत नाहीत. मोठा पिचर दुखापतीतून बरा होत असला की त्याला एकदम मोठ्या मैदानात उतरवत नाहीत, आधी खालच्या मायनर लीगमध्ये एक-दोन मॅच टाकायला लावतात. तिथलं स्टेडियम आपल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलाएवढं, कुंपण कमरेएवढं, आणि दोन-तीन साय यंग घरात असलेला माणूस तिथून हातभर अंतरावर उभा असतो. बातमी आदल्या एक-दोन दिवसांत लागते, लक्ष ठेवायला लागतं. टाकून झालं की सही देतात, त्या दिवशीसुद्धा, कारण तिथे वातावरणच निवांत असतं.

आणि सह्यांच्या दर्जाबद्दल जरा गाऱ्हाणं. जुन्या पिढीतल्या कुणाचीही सही घ्या, सगळी अक्षरं वाचता येतात, शाळेत गिरवल्यासारखी. हल्लीच्या पोरांची म्हणजे पहिलं अक्षर, मग एक शेपूट आणि खाली जर्सीचा नंबर. नंबर नसता तर कोण ते कळलंही नसतं. माझ्या अल्बममध्ये पुढची पानं उलटत जाल तशी अक्षरं गळत जातात.

शाळामास्तरीण

लेखन सराव नाही हो, दुसरं काय. आमच्या वर्गात पण तेच चाललंय.

मृण्मयी_फीनिक्स

रच्याकने, लालशिवण, क्लेमेन्स तुमच्या सेटमध्ये आहे का? सात अवॉर्ड असून तो स्टिरॉइडच्या आरोपांमुळे हॉल ऑफ फेममध्ये नाही. माझ्या मुलानं त्याचं कार्ड ठेवायला साफ नकार दिलाय, म्हणतो चीटर आहे. त्याला काय सांगू?

लालशिवण

आहे, आणि राहील. अवॉर्ड त्याला मिळालं होतं आणि ते परत घेतलेलं नाही, माझा सेट अवॉर्ड मिळालेल्यांचा आहे, सज्जनांचा नाही. शिवाय त्यानं आरोप कधी मान्य केले नाहीत आणि कोर्टातही २०१२ ला निर्दोष सुटला. पण तुमच्या लेकाला मनाविरुद्ध ठेवायला लावू नका, त्याचा अल्बम आहे.

नाना_न्यूजर्सी

इथे मात्र मी लालशिवणच्या बाजूनं.

आबा_डेट्रॉईट

मी पोराच्या. 😄 पण अवांतर होतंय. एक शेवटचं सांगतो, जोड्यांच्या मागे लागा, मजा येते. साय यंग मिळालेले सख्खे भाऊ एकच आहेत, जिम पेरी (१९७०) आणि गेलॉर्ड पेरी (१९७२ आणि १९७८). गेलॉर्ड थुंकी आणि व्हॅसलीन लावून बॉल टाकायचा हे जगजाहीर, खेळत असतानाच १९७४ च्या आत्मचरित्रात त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. तो २०२२ ला गेला. दोघांच्या सह्या एकाच कार्डावर असतील तर ते कार्ड मी बघायला तरी नक्की येईन. आणि फर्नांडो व्हॅलेन्झुएला, १९८१ ला रूकी ऑफ द इयर (वर्षातला सगळ्यात भारी नवखा) आणि साय यंग दोन्ही एकाच वर्षी, असा तो एकटाच. २०२४ च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) सुरू व्हायच्या तीन दिवस आधी गेला.

कॅम्पातला_कुमार

फर्नांडोचं ऐकून फार वाईट वाटलं होतं, त्या सिरीजमध्ये डॉजर्सच्या सगळ्यांनी बाहीवर त्याचा ३४ नंबर लावला होता.

सगळ्यांचे खूप आभार. आतेभाऊ दिवाळीत येतोय, त्याला ती गोल तिकिटं आणायला सांगितली आहेत. पहिलं पत्र ओरेल हर्शायझरला लिहितोय, १९८८, सलग ५९ इनिंग एकही रन न देणारा. तो टीव्हीवर डॉजर्सच्या मॅचची कॉमेंट्री करतो, रोज पहाटे त्याचाच आवाज ऐकतो. पत्ता स्टेडियमचा चालेल का?

मृण्मयी_फीनिक्स

चालेल, पण पाकिटावर "ब्रॉडकास्ट बूथ" असं लिही, नाहीतर खेळाडूंच्या गठ्ठ्यात जाईल. आणि परतीच्या पाकिटावर स्वतःचा पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरात, शेवटी इंडिया ठळक, पिनकोडसकट. आत एक जाड पुठ्ठा घाल, नाहीतर आपले पोस्टमनकाका दारातल्या फटीतून दुमडून टाकतील.